सहलीतली सकाळ कोणाची?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनी सभासदांपैकीच एकीने उपयोगाचे चार शब्द सांगावेत, ही आपल्या मंडळाची जुनी रीत आहे. आजवर या जागेवरून मुलांच्या आहाराविषयी, मृत्युपत्राविषयी, गच्चीवरच्या बागेविषयी बोलणे झाले. यंदा चिटणीसबाईंनी माझ्याकडे विषय सोपविला तो समुद्रकाठच्या गोल्फ-सहलीचा. सूचनाफलकावर तो लिहिला गेला, तेव्हा त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने एक मोठे उद्गारचिन्ह काढून ठेवलेले मी पाहिले. ते काढणाऱ्या भगिनीचा मला मुळीच राग आला नाही. गोल्फ म्हणजे साहेबाचा खेळ, गोल्फ म्हणजे पैसेवाल्यांचा खेळ, आपल्याला त्याचे काय, असे वाटणे साहजिक आहे.

पण आपल्याच गल्लीकडे पाहा. निवृत्त झालेल्या पुरुषमंडळींपैकी तिघेचौघे पहाटे काठ्यांची पिशवी घेऊन बाहेर पडू लागले आहेत. परदेशी असलेली मुले फोनवर म्हणतात, "बाबा, या वर्षी गोल्फ हॉलिडे करू या." आज ना उद्या हा विषय पुष्कळ घरांत येणार आहे. आणि तो आला, म्हणजे त्या सहलीचा आराखडा कागदावर कोण मांडतो, यावर ती सहल घरातल्या सर्वांची होते की एकट्यादुकट्याची, हे ठरते. म्हणून मी आज प्रवासवर्णन सांगणार नाही. आराखडा कसा मांडावा, तेवढेच सांगणार आहे. उदाहरण घेते मॉरिशसचे, कारण गेल्या जुलैत आम्ही चौघे तेथे जाऊन आलो: आमचे हे, धाकटे दीर, जाऊबाई आणि मी. हे आणि भाऊजी मुरलेले खेळाडू. मी अर्धामुर्धा डाव खेळते. जाऊबाईंनी गोल्फची काठी आयुष्यात हातात धरलेली नाही.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. गोट्यांच्या खेळात जशी गल, तसे गोल्फमध्ये जमिनीतले भोक. त्याला 'होल' म्हणतात. लांबवरून चेंडू टोलवीत कमीत कमी टोल्यांत तो त्यात घालावयाचा, आणि अशी अठरा होल्स एकामागून एक पुरी करावयाची. पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. अठरा होल्सचा पुरा डाव म्हणजे सहा-आठ किलोमीटरांची चाल, आणि वेळ चार ते साडेचार तास. हा वेळेचा आकडा कृपा करून ध्यानात ठेवा. माझे पुढचे सारे बोलणे त्यावरच उभे आहे.

हा खेळ बायकांचा नव्हे, असे कोणी म्हणेल तर तेही सांगून टाकते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचा सुप्रसिद्ध क्लब १७५४ साली निघाला आणि स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव त्याने केला २०१४ साली! दोनशे साठ वर्षे गेली. त्यानंतर सातच वर्षांनी, २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली. कांस्यपदक अवघ्या एका टोल्याने हुकले. मला त्या दिवसांतली एक गोष्ट फार भावली. त्या स्पर्धेत अदितीची काठ्यांची पिशवी वाहणारी, म्हणजे तिची कॅडी, होती तिची आई, महेश्वरी. मैदानावर आईची जागा कोठे असते, याचे याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

आता आराखड्याकडे वळू. पहिला प्रश्न ऋतूचा. मॉरिशस बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस, मकरवृत्ताच्या किंचित अलीकडे आहे. त्यामुळे तेथले ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, आणि मे ते ऑक्टोबर हिवाळा. हिवाळा म्हणजे तरी काय, किनाऱ्यावर दुपारी चोवीस-पंचवीस अंश! चक्रीवादळांचा धोका उन्हाळ्यात, त्यातही जानेवारी ते मार्च अधिक. आपल्याकडे आषाढात मैदाने चिखलाने भरतात, तेव्हा तेथे हवा कोरडी आणि गार असते. म्हणून आम्ही जुलै निवडला.

परंतु ऋतू ठरला म्हणजे काम झाले असे नव्हे. जुलै-ऑगस्टात तेथे आग्नेयेकडून वारा जोरात वाहतो. पूर्व किनाऱ्यावर तो सरळ अंगावर येतो. पश्चिम किनारा डोंगरांच्या आड असल्यामुळे शांत राहतो. जाहिरातींच्या चित्रांत दोन्हीकडचा समुद्र सारखाच निळा दिसतो. वारा काही चित्रात दिसत नाही. खेळणाऱ्याचा चेंडू वाऱ्याने भरकटतो आणि किनाऱ्यावर बसणारीच्या डोळ्यांत वाळू जाते. म्हणून आम्ही मुक्काम पश्चिमेस, तामारँ गावाच्या बाजूला केला. बेट लहान आहे, लांबी सुमारे पासष्ट किलोमीटर. एका टोकाचा मुक्काम ठेवून दुसऱ्या टोकाला दिवसभरासाठी जाऊन येता येते.

दुसरा प्रश्न वेळेचा, आणि खरी मेख येथे आहे. आमच्या ह्यांनी आराखडा मांडला तो असा: मुक्काम सात रात्री, म्हणजे मधल्या सहा पुऱ्या सकाळी, आणि सहा सकाळी सहा डाव. मी म्हटले, "अहो, मग आम्ही दोघींनी काय करायचे?" तर उत्तर आले, "दुपारपासून सगळा वेळ आहेच की तुम्हांला!"

मी वाण्याच्या वहीचा कागद घेतला आणि दिवस मांडून दाखविला. जुलैत तेथे सूर्य उगवतो पावणेसातच्या सुमारास आणि मावळतो पावणेसहाच्या सुमारास. सातला खेळ सुरू केला तरी साडेअकराला डाव संपणार. मग सरबत, आंघोळ, जेवण; वाजला एक. साडेचार तास उन्हात चाललेला साठीचा माणूस जेवल्यावर आडवा होणारच, वाजले तीन. उरले किती? पावणेतीन तास. त्यात कपडे बदलणे, गाडीची वाट पाहणे, आणि उद्याच्या डावासाठी लवकर झोपायचे म्हणून लवकर परतणे. उष्ण मुलुखातल्या समुद्रकाठी दिवसाचा सोन्यासारखा भाग म्हणजे सकाळ. हवा गार असते, उजेड कोवळा असतो, बाजार ताजा असतो. गोल्फची सहल म्हणजे त्या सकाळीची वाटणी. ती वाटणी बोलून झाली नाही, तर खेळणारा सगळ्या सकाळी नेतो. त्याच्या मनात काही वाईट असते असे नाही; खेळच तसा आहे.

भगिनींनो, या ठिकाणी मी जाऊबाईंचे एक वाक्य तुम्हांला सांगणार आहे. त्यांची परवानगी घेतलेली आहे. मी त्यांना विचारले, "तुम्हांला तेथे काय पाहावेसे वाटते?" त्या म्हणाल्या, "माझे काय! मी बसेन कुठेही." हे वाक्य आपण सर्वजणी म्हणतो. नाटकाच्या तिकिटांपासून तीर्थयात्रेपर्यंत म्हणतो, आणि त्याला चांगुलपणा समजतो. पण विचार करा, आराखडा मांडणाऱ्याला या वाक्यातून कळते काय? एवढेच, की या बाईसाठी वेळ राखून ठेवावयाची गरज नाही. छत्तीस वर्षे जाऊबाईंची प्रत्येक सकाळ दुसऱ्याच्या घड्याळावर गेली: मुलांची शाळा, भाऊजींची गाडी, सासूबाईंचे औषध. आणि आता सातासमुद्रापलीकडे जाऊनही सकाळ भाऊजींच्या डावाच्या घड्याळावरच जाणार होती. मी त्यांना म्हटले, "बसायचे असेल तर बसा, पण कुठे आणि किती वाजता ते आज सांगा. ते या कागदावर लिहायचे आहे."

दोन दिवसांनी त्यांनी सांगितले. त्यांचे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. पणजोबांचे एक भाऊ उसाच्या मळ्यावर म्हणून बोटीने गेले आणि परत आले नाहीत, अशी त्यांच्या घरात बोलवा आहे. "तो घाट तेथे आहे म्हणतात. तो एकदा पाहीन," एवढेच त्या बोलल्या.

मग वाटणी झाली ती अशी. सहा सकाळींपैकी दोन पुरुषांच्या पुऱ्या डावांना, पश्चिम किनाऱ्यावर, मुक्कामाच्या जवळ. एक सकाळ सर्वांची मिळून, पूर्वेकडच्या इल-ओ-सेर्फ या चिमुकल्या बेटावर. तेथे नावेने जावे लागते. जर्मन खेळाडू बर्नहार्ड लांगर यांनी आखलेले अठरा होल्सचे मैदान त्या बेटावर २००३ पासून आहे, आणि त्याच बेटाला सुंदर पुळणही आहे. म्हणजे खेळणारे खेळतात, न खेळणारे पाण्यात पाय सोडतात, आणि दुपारी एकत्र जेवतात. वारा असला तरी एका दिवसाचे काही वाटत नाही. फक्त खेळणाऱ्यांची नाव आणि इतरांची नाव निराळ्या धक्क्यांवरून सुटू शकते. कोण कोठे उतरणार, कोठे भेटणार, हे आधी विचारून ठेवावे. उरलेल्या तीन सकाळी आम्हां दोघींच्या. त्या दिवशी पुरुषांना खेळावयाचे असेल तर साडेतीननंतर अर्धा डाव, नऊ होल्स. सव्वादोन तासांत अंधारापूर्वी होतो. काही मैदानांवर दुपारनंतरची फी कमी असते, तीही विचारावी. मीही या अर्ध्या डावांत खेळले. सहाऐवजी तीन पुरे डाव आले म्हणून ह्यांनी थोडी कुरकुर केली. पण तिसऱ्या दिवशी गुडघ्याला तेल चोळताना ती आपोआप थांबली.

तिसरा प्रश्न पैशाचा. गोल्फच्या सहलीत खोलीचे भाडे दिसते आणि बाकीचे दिसत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी या गोष्टी लेखी विचारून घ्या. मैदानाची फी भाड्यात धरलेली आहे का, आणि असेल तर किती डावांची? बग्गी, म्हणजे मैदानावरची छोटी गाडी, सक्तीची आहे का? काठ्या भाड्याने मिळतात का? घरच्या काठ्यांची पिशवी नेली तर विमानात तिचे वजन कशात धरतात? मैदानापर्यंत न्यायला वाहन कोणाचे? वादळ-पावसाने डाव बुडाला तर पैसे परत की दुसरी वेळ? आठवड्यात तीनच डाव असतील, तर पंधरा किलोंची पिशवी मुंबईहून ओढत नेण्यापेक्षा काठ्या तेथे भाड्याने घेणे पुष्कळदा सोयीचे पडते. आणि एक नियम आम्ही केला, तो मला फार उपयोगाचा वाटतो. खेळणाऱ्याच्या मैदान-फीला जेवढी रक्कम काढली, तेवढीच न खेळणारीच्या नावाने निराळ्या पाकिटात ठेवली. तिने ती गाडीभाड्याला वापरावी, खरेदीला वापरावी, नाही तर परत आणावी. एकाची हौस खर्चात धरावी आणि दुसरीची काटकसरीत, हा हिशेब बरा नव्हे.

प्रकृतीविषयी थोडक्यात. हवा गार लागली तरी ऊन उष्ण कटिबंधातले असते. टोपी, पूर्ण बाह्या आणि पाण्याची बाटली विसरू नये. रक्तदाबाची, विशेषतः लघवी वाढविणारी गोळी चालू असेल, तर इतक्या चालण्याविषयी डॉक्टरांना आधी विचारावे. गडगडाट ऐकू आला की मैदान सोडावे, हातात लोखंडी काठी धरून झाडाखाली थांबू नये. पाण्यात उतरताना रबरी बूट घालावेत. खडकासारखा दिसणारा विषारी काट्यांचा मासा त्या उथळ पाण्यात असतो. पोवळ्याचा तुकडा आठवण म्हणून उचलू नये. मैदानावर गळपट्टीचा सदरा लागतो. जीन्स बहुतेक ठिकाणी चालत नाही. शाकाहारी भगिनींनी मात्र निश्चिंत असावे. तेथली डाळपुरी रस्त्यारस्त्यावर मिळते, आणि ती हातात घेतली की पुरणपोळीच्या तिखटमिठाच्या बहिणीला भेटल्यासारखे वाटते.

आता त्या तीन सकाळी. पहिली सकाळ आम्ही पोर्ट लुईस या राजधानीतील आप्रवासी घाटावर घालविली. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख माणसे हिंदुस्थानातून मॉरिशसला आली. सुरुवातीचा करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही ती गेली. त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची आपली माणसे होती. उतरल्यावर ज्या दगडी पायऱ्या चढून ती आत गेली, त्या पायऱ्या अजून आहेत. २००६ साली त्या वास्तूला जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी बोटीचे नाव किंवा साल ठाऊक असेल, त्यांनी आधी पत्र लिहून चौकशी करावी. जाऊबाईंना ठाऊक होते ते फक्त एक नाव. त्या पायऱ्यांपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मी घड्याळ पाहिले नाही. ते पाहावयाचे नाही असे ठरलेच होते.

दुसरी सकाळ आम्ही पश्चिमेकडच्या आतल्या गावांत काढली. कास्काव्हेल, बांबूस या बाजूला मराठी वस्ती जुनी आहे. घरात क्रिओल बोलतात, पण मुले शाळेत मराठी शिकतात, कोकणातली जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने नाचतात, आणि गणेशचतुर्थीला तर साऱ्या देशाला सुटी असते. एका देवळाच्या ओट्यावर बसलेल्या आजीबाईंनी आम्हांला "कुठल्या गावच्या?" असे विचारले, आणि पुढचा तासभर अर्धे मराठी, अर्धे क्रिओल आणि उरलेले हातवारे यांवर उत्तम चालले.

या गावांच्या आसपास फिरताना एक गोष्ट ध्यानात येते. त्या बेटावरची कित्येक गोल्फ मैदाने जुन्या उसाच्या मळ्यांवर आहेत. युरोपने २००६ ते २००९ या काळात साखरेचा हमीभाव एकतृतीयांशाहून अधिक उतरविला. मळेवाल्यांना ऊस परवडेना. पाहुण्यांसाठी बंगले आणि मैदाने बांधण्याची सरकारी योजना २००२ पासून होतीच. उसाच्या जागी हिरवळ आली. ज्या जमिनीतले दगड आपल्या माणसांनी वेचले, त्याच जमिनीवर आज आपली माणसे हौसेने चेंडू टोलवितात. यात लाज वाटावी असे काही नाही. पण ज्यांना सहलीत फक्त मैदानच पाहावयाचे असते, त्यांना आपण कशावर उभे आहोत हे कळतही नाही. ते कळले जाऊबाईंमुळे. त्यांनी "माझे काय" हे वाक्य धरून ठेवले असते, तर आम्ही चौघेही त्या हिरवळीवरून कोरडेच परत आलो असतो. संध्याकाळी हे सारे त्यांनी सांगितले, तेव्हा भाऊजी बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या दिवशी दुपारचा अर्धा डाव सोडून तेही घाटावर जाऊन आले.

तिसऱ्या सकाळी कार्यक्रम नव्हता. जाऊबाई आठ वाजेपर्यंत झोपल्या. चहा ह्यांनी आणून दिला.

तेव्हा भगिनींनो, माझे सांगणे थोडे आहे. सहल गोल्फची असो, लग्नाची असो की तीर्थाची. कागद पेन्सिल आपल्या हाती घ्या. सूर्य किती वाजता उगवतो आणि मावळतो ते आधी लिहा, मग ज्याला जे हवे ते मांडा. आणि कोणी "तुला काय हवे?" असे विचारले, तर "माझे काय!" असे म्हणू नका. एक जागा सांगा आणि एक वेळ सांगा. न जाणो, तुमच्या त्या एका सकाळीमुळे साऱ्यांचीच सहल सार्थकी लागेल.